अपघातानंतर सीटी अँजिओ का करतात? नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे, आणि माझ्या नोकरीतल्या बऱ्याच रात्री कॅज्युअल्टीच्या शेजारच्या सीटी रूममध्ये गेल्यात. अपघाताचा पेशंट आत असतो, बाहेर नातेवाईक उभे असतात, कुणाच्या हातात चपला, कुणाच्या हातात पेशंटचा मोबाईल, आणि सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. घाईत आम्ही अर्धवट उत्तरं देतो. ती नीट द्यावीत म्हणून हे लिहिलंय. डॉक्टरांनी समोर पेशंट बघून जे सांगितलं ते कधीही यापेक्षा वरचं.

सीटी अँजिओ म्हणजे नक्की काय? एमआरआय आहे का हे? हार्टची अँजिओग्राफी करतात तीच का?

एमआरआय नाही, आणि हार्टवाली तार घालून करतात तीही नाही. त्या अँजिओग्राफीत मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवतात. सीटी अँजिओत फक्त हाताच्या शिरेत सुई असते, सलाईनला असते तशीच, त्यातून आयोडिन असलेलं औषध, ज्याला आम्ही कॉन्ट्रास्ट म्हणतो आणि लोक डाय म्हणतात, ते मशीनने जोरात सोडतात, आणि ते धमन्यांमधून धावत असतानाच स्कॅन घेतात. साध्या सीटीत रक्त आणि मांस जवळजवळ सारखंच करडं दिसतं. कॉन्ट्रास्ट गेलं की धमन्या पांढऱ्याशुभ्र होतात, आणि मग कुठं फाटलंय, कुठं अडलंय, कुठून गळतंय ते दिसायला लागतं.

रक्त तर कुठूनच येत नाहीये, मग रक्तवाहिनी तुटली असं डॉक्टर का म्हणतायत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात मोठा आहे. शीर तुटली म्हणजे रक्ताची चिळकांडी उडणार असं आपल्या डोक्यात असतं. पण धमनीला तीन थर असतात आणि मुका मार बसतो, म्हणजे गाडीवरून पडणं, हाड सरकणं, काहीतरी अंगावर येणं, तेव्हा बऱ्याचदा धमनी ताणली जाते आणि सगळ्यात आतलं नाजूक अस्तर आधी फाटतं, बाहेरचा थर शाबूत राहतो. बाहेर एक थेंब रक्त नाही. पण आत ते फाटलेलं अस्तर रक्ताच्या प्रवाहात पडद्यासारखं लोंबायला लागतं, त्यावर गुठळी धरते, आणि काही तासांत धमनी बंद. दुसरं म्हणजे धमनी पूर्ण तुटली तरी तरुण माणसात ती दोन्हीकडून आखडून आत ओढली जाते आणि तोंडं गुठळीने बंद होतात, तेव्हाही बाहेर फार रक्त दिसत नाही. तिसरा प्रकार म्हणजे भिंत फाटून रक्त बाहेर आलं पण आजूबाजूच्या मांसाने ते धरून ठेवलं, फुगा तयार झाला, त्याला स्यूडोअन्युरिझम म्हणतात, तो आज शांत असतो आणि चार दिवसांनी फुटू शकतो. रक्त दिसत नाही म्हणजे इजा नाही, असं धरून चालू नका.

मग प्रत्येक अपघातवाल्याची सीटी अँजिओ करायला पाहिजे का?

नाही. आणि काही पेशंटची तर मुद्दाम करायची नसते. जखमेतून ठोक्याच्या तालावर रक्त उसळतंय, सूज डोळ्यांदेखत वाढतेय, हात लावला की आत थरथर लागते, पायाची नाडी अजिबात नाही आणि पाय पांढरा-गार पडलाय, यांना आम्ही ठाम खुणा म्हणतो. असा पेशंट सर्वसाधारणपणे सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये जातो, सीटीमध्ये वेळ घालवायचा नाही. अपवाद आहेत, एकाच पायात दोन-तीन ठिकाणी फ्रॅक्चर असेल आणि धमनी नेमकी कुठं गेलीय ते कळत नसेल तर सर्जन स्वतःच म्हणतात की पटकन अँजिओ करून द्या.

बीपी लागत नसेल, रक्त देऊनही टिकत नसेल, अशा पेशंटला सीटी टेबलावर घेणंच धोक्याचं. तिथं कॅज्युअल्टीतच पोटाची सोनोग्राफी करतात, पोटात रक्त दिसलं की ऑपरेशन. नातेवाईकांना वाटतं, सीटी न करताच कसं काय पोट उघडलं. त्या पाच-दहा मिनिटांत जीव जाऊ शकतो म्हणून.

सीटी अँजिओची खरी जागा मधल्या लोकांसाठी आहे. पेशंट बोलतोय, बीपी ठीक आहे, पण नाडी दुसऱ्या बाजूपेक्षा मंद लागते, किंवा घटनास्थळी खूप रक्त गेलं होतं आणि आता थांबलंय, किंवा जखम मोठ्या धमनीच्या अगदी जवळ आहे, किंवा मज्जातंतूला मार बसून बोटं बधिर आहेत. पायाच्या बाबतीत एक साधं मोजमाप फार कामाचं आहे: घोट्याचं बीपी घ्यायचं, दंडाचं घ्यायचं, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ०.९ च्या खाली आलं तर अँजिओ करा. यासाठी हातात धरायचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र, आणि बीपीचा पट्टा एवढंच लागतं, छोट्या हॉस्पिटलमध्येही होतं, आणि तरी खूप ठिकाणी केलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गुडघा सरकला होता, बसवला, एक्स-रे पण चांगला आलाय. आता अँजिओ कशाला?

या प्रश्नाला मी जरा जास्त वेळ देणार आहे.

गुडघ्याच्या मागे, त्या खळग्यात, पायाची मुख्य धमनी जाते, पॉप्लिटियल आर्टरी. ती वर मांडीच्या स्नायूतल्या एका फटीत बांधल्यासारखी असते आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीखाली परत अडकलेली असते. मधला तुकडा मोकळा. म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली दोरी समजा. गुडघ्याचा सांधा निखळला, हाडं पुढंमागं सरकली, की ही दोरी ताणली जाते, तिला सरकायला जागाच नसते. वाटी सरकणं वेगळं, ते तितकं घातक नाही. मी बोलतेय ते मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांपासून सुटण्याबद्दल. आणि बऱ्याचदा गुडघा पडल्या पडल्या स्वतःच जागेवर येतो किंवा कुणीतरी ओढून बसवतं, मग एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. एक्स-रे हाडं दाखवतो, धमनी दाखवत नाही.

उसाच्या सीझनमधली गोष्ट आहे. रात्री रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, तेवीस वर्षांचा मुलगा बाईकवरून मागून धडकला. गुडघा निखळलेला. जवळच्या एका दवाखान्यात बसवला, एक्स-रे काढला, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरचा स्लॅब घातला, वरून बँडेज, वेदनेचं इंजेक्शन, आणि सकाळी मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगितलं. नाडी तपासल्याची नोंद कागदावर कुठंच नव्हती. रात्रभर तो दुखतंय दुखतंय म्हणत होता आणि सगळे म्हणत होते गुडघा निखळलाय म्हटल्यावर दुखणारच. पहाटे त्याच्या आईने बँडेजमधून बाहेर आलेल्या बोटांना हात लावला. आमच्याकडे आले तेव्हा ती बोटं तिने पदरात गुंडाळून धरली होती आणि मला म्हणाली, "मॅडम, ह्यो पाय गार लागतोय, त्यो गार नाही."

त्या बाईने जे केलं तीच तपासणी आहे. दोन्ही पाय लावून बघायचे.

स्क्रीनवर डावा पाय घोट्यापर्यंत उजळलेला, तीन बारीक धमन्या पोटरीतून खाली उतरताना स्वच्छ दिसत होत्या. उजव्या पायात मांडीची धमनी खाली आली, गुडघ्याच्या जरा वर निमुळती झाली आणि संपली. त्याखाली काळं. अपघाताला तेव्हा नऊ तास झाले होते. सर्जननी दुसऱ्या पायातली शीर काढून जोडली, आतला दाब कमी करायला पोटरीच्या स्नायूंचे कप्पे उघडले, पण आतलं मांस करडं पडलं होतं, चिमटा लावला तरी आकसत नव्हतं. पाचव्या दिवशी गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागला. त्या मुलाचं नाव मी इथं लिहिणार नाही, पण तो स्कॅन मी विसरलेली नाही.

रक्त न मिळता पायाचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात, त्यानंतर दर तासाला पाय वाचायची शक्यता घसरत जाते. दुसऱ्या महायुद्धात या धमनीला इजा झालेल्या जखमींपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणांचे पाय कापावे लागले होते, कारण तेव्हा धमनी बांधून टाकण्यावर भर होता. पुढे कोरियाच्या युद्धात धमनी जोडायला सुरुवात झाली आणि ते प्रमाण खूप खाली आलं. म्हणजे पाय वाचतो, आज तर नक्कीच वाचतो, पण त्यासाठी इजा वेळेत कळायला हवी.

पण नाडी लागतेय ना डॉक्टर!

लागते, आणि तरी इजा असू शकते. एक तर आजूबाजूच्या छोट्या वाटांनी थोडं रक्त खाली पोचत असतं. दुसरं, अस्तर फाटलेलं असतं पण गुठळी अजून पूर्ण धरलेली नसते, ती पुढच्या काही तासांत धरते. म्हणून गुडघा निखळलेल्या पेशंटची नाडी एकदा बघून भागत नाही, परत परत बघतात, अंकांत लिहून ठेवतात, आणि जरा शंका आली तर अँजिओ.

आत नेल्यावर नेमकं काय करतात? त्याला दुखेल का?

आधी सुई. कोपराच्या खळग्यातली मोठी शीर बघून तिथं कॅन्युला लावतो, शक्यतो हिरवी किंवा गुलाबी. हे रंग जाडीचे असतात, हिरवी जाड, गुलाबी त्याहून बारीक, निळी अजून बारीक. कॅज्युअल्टीतून पेशंट मनगटावर निळी लावून येतो आणि आम्ही दुसरी टोचतो तेव्हा नातेवाईक चिडतात, की आहे ना एक, परत कशाला. कारण कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४ ते ५ मिली या वेगाने जातं, बारीक सुईतून ते जमत नाही, शीर फुटून औषध मांसात पसरतं. हाताला मार असेल तर विरुद्ध हाताला सुई लावतो.

मग टेबलावर झोपवून इंजेक्टरची नळी जोडतो. साधारण ८० ते १२० मिली कॉन्ट्रास्ट, मागोमाग सलाईनचा लोट. औषध जाताना अंगभर गरम लाट येते, घशात आणि खाली जास्त, तोंडात लोखंडासारखी चव येते, आणि लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरून हलतो आणि त्याच क्षणी स्कॅन चालू असतो, म्हणून मी स्वतः कानाशी जाऊन सांगते. स्कॅन स्वतः काही सेकंदांचा असतो. टेबलावर घेणं, मान-पाठीचा कणा सांभाळून सरकवणं, सलाईन-ऑक्सिजन-मॉनिटर नीट लावणं यालाच वेळ जातो.

कॉन्ट्रास्ट कधी पोचलं हे मशीनला कसं कळतं असंही काही जण विचारतात. स्क्रीनवर महाधमनीवर, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीवर, एक छोटा गोल ठेवतो, मशीन त्या एकाच जागेचे हलके फोटो घेत राहतं, तिथला उजेड ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की स्कॅन सुटतो. पायाच्या अँजिओत अजून एक भानगड असते. आजची मशीनं इतकी वेगवान आहेत की टेबल पुढं निघून जातं आणि औषध अजून पोटरीत पोचलेलंच नसतं, विशेषतः बीपी कमी असलेल्या पेशंटमध्ये. मग पोटरीच्या धमन्या बंद असल्यासारख्या दिसतात आणि त्या बंद नसतात. म्हणून गुडघ्याखालचा दुसरा फेरा आधीच सेट करून ठेवायचा असतो, बघून ठरवू म्हटलं तर औषध निघून गेलेलं असतं. हे सांभाळणारा टेक्निशियन सोन्यासारखा, त्यांचं नाव रिपोर्टवर कधी नसतं पण अर्धा रिपोर्ट त्यांचा असतो.

दोन-तीनदा स्कॅन का केला? पहिला बिघडला का?

बिघडला नाही. पोटाच्या बाबतीत एक धमनीचा फेज, म्हणजे औषध धमन्यांत असतानाचा स्कॅन, घेतात, साधारण २५-३० सेकंदांना, दुसरा शिरांचा, म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्यांचा, ६५-७० सेकंदांना, आणि कधी काही मिनिटांनी तिसरा. यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. प्लीहेत (स्प्लीनमध्ये) किंवा लिव्हरमध्ये पांढरा ठिपका दिसला, तर तो गळतोय की फुग्यात अडकलेला आहे? नंतरच्या फेजमध्ये ठिपका मोठा झाला, पसरला, तर रक्त चालू आहे. आकार तोच राहिला आणि धमनीसोबत तोही फिका पडला तर स्यूडोअन्युरिझम. पहिल्यासाठी लगेच धावपळ, दुसऱ्यासाठी थोडा श्वास घ्यायला वेळ असतो, तरी सोडून द्यायचं नसतं.

स्क्रीनवर तुम्ही बघता काय?

सीटी प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतं, पाणी ०, हवा उणे १०००. या एककाला हाऊन्सफील्ड म्हणतात, गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या इंग्लंडमधल्या इंजिनियरच्या नावावरून, त्याच्या मशीनवर १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचं डोकं स्कॅन झालं आणि १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉरमॅकसोबत नोबेल मिळालं. पातळ रक्त साधारण ३० ते ४५, साकळलेलं ४५ ते ७०. म्हणजे पोटात रक्त सगळीकडे पसरलेलं असलं तरी ज्या अवयवाला चिकटून सगळ्यात दाट रक्त आहे, इजा बहुतेक तिथंच. चोर सापडायला पावलं उपयोगी पडतात तसं.

धमनीत मी बघते ते असं: रेघ सलग आहे का, मध्येच तुटलीय का, कडेला फुगवटा आहे का, आत बारीक काळी रेघ तरंगतेय का, म्हणजे फाटलेलं अस्तर, आणि धमनी उजळली त्याच वेळी शेजारची शीरही उजळली का. शीर लवकर उजळली तर धमनी-शीर एकमेकींना जोडल्या गेल्यात, सुऱ्याच्या किंवा गोळीच्या जखमेत हे होतं. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूशी ताडून बघते. त्या आईसारखंच.

छातीला मार आहे, बरगडी मोडलीय, त्यात महाधमनीचं काय?

जोरात धडक बसली, गाडी झटक्यात थांबली, उंचावरून पडला, यात हृदय आणि महाधमनीची कमान पुढं फेकली जाते आणि पाठीला चिकटलेला भाग जागेवर राहतो. डाव्या हाताची धमनी जिथून निघते त्याच्या जरा पुढं ही जोडाची जागा आहे, फाटतं ते बहुतेक तिथंच. पूर्ण फाटलं तर पेशंट दवाखान्यापर्यंत येतच नाही. जे येतात त्यांच्यात चार पायऱ्या असतात: नुसतं अस्तर फाटलेलं, भिंतीत रक्त साठलेलं, फुगा झालेला, आणि फुटलेलं. पहिल्या पायरीला बऱ्याचदा बीपी आणि ठोके औषधाने खाली ठेवून, परत सीटी करून लक्ष ठेवतात. पुढच्या पायऱ्यांना मांडीतून स्टेंट सरकवून आतून अस्तर लावतात, पूर्वीसारखी छाती उघडायची गरज फारशी पडत नाही. छातीचा एक्स-रे नॉर्मल आला तरी इजा असू शकते, म्हणून मार किती जोरात होता हे डॉक्टरांना नीट सांगा, गाडीची काय अवस्था झाली तेही सांगा, मोबाईलमध्ये फोटो असेल तर दाखवा.

डोक्याचा सीटी नॉर्मल आहे, तरी मानेचा अँजिओ सांगितलाय, पैसे काढायला का?

नाही हो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल धमन्यांचं अस्तर फाटलं तर पहिल्या दिवशी पेशंट चांगला बोलतो-चालतो, आणि एक-दोन दिवसांत गुठळी सुटून मेंदूत जाते, अर्धांगवायू होतो. मानेचं हाड मोडलेलं आहे, वरच्या जबड्यासकट चेहऱ्याचं हाड कवटीपासून सुटलंय, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर आहे, गळ्याला फास बसलाय, ओढणी किंवा पतंगाचा मांजा, सीट बेल्टचा वळ मानेवर आहे, किंवा हातापायाची कमजोरी आहे पण डोक्याच्या सीटीत कारण सापडत नाही, अशा वेळी मानेचा अँजिओ करायचाच. इजा वेळेत सापडली तर ॲस्पिरिन किंवा हेपॅरिनसारख्या, गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाने स्ट्रोक टाळता येतो. बाकी रक्तस्राव असेल तर औषध कधी सुरू करायचं हे न्यूरोसर्जनशी बोलून ठरतं.

प्लीहा फाटलीय म्हणाले, तरी ऑपरेशन करत नाहीत, नुसतं ठेवून घेतलंय.

बीपी टिकून असेल तर आता हेच करतात. सीटीवर ठिपका दिसला तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आतून तारेने ती बारीक धमनी बंद करतात, कॉइल म्हणजे तारेचं बारीक वेटोळं घालून, आणि प्लीहा वाचते. २०१८ पासून तर प्लीहेच्या इजेची श्रेणी ठरवतानाच सीटीवर दिसणाऱ्या रक्तवाहिनीच्या इजेचा विचार होतो, ठिपका असला की श्रेणी वर जाते. ओटीपोटाचं हाड मोडलं तरी असंच, तिथं लिटरच्या हिशोबाने रक्त आत साठू शकतं, बाहेर काही दिसत नाही. कमरेला घट्ट पट्टा बांधलेला असेल तर तो सीटीसाठी सोडू नका, पट्ट्यासकट स्कॅन होतो.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट नाही, किडनी खराब होईल का?

जीव किंवा पाय पणाला लागला असेल तर क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीची, वाट बघत नाहीत. कॉन्ट्रास्टमुळे किडनीला होणारा धोका पूर्वी वाटायचा त्यापेक्षा कमी आहे, अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी २०२० मध्ये एकत्र हेच सांगितलं. अपघातातल्या पेशंटची किडनी जास्त बिघडते ती रक्त जाऊन बीपी पडल्याने. मात्र किडनीचा जुना आजार असेल, डायलिसिस असेल, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आठवणीने सांगा. डॉक्टर त्याप्रमाणे सलाईन ठरवतील, गरज वाटली तर मेटफॉर्मिन ४८ तास बंद ठेवतील.

मासे-कोळंबीची ॲलर्जी आहे, आयोडिन चालेल का?

चालेल. कोळंबीच्या ॲलर्जीचा कॉन्ट्रास्टशी संबंध नाही, बीटाडीनने अंगावर पुरळ येतं त्याचाही नाही. कोकणातले पेशंट हमखास विचारतात म्हणून लिहिलं. पूर्वी कधी सीटीच्या इंजेक्शननेच त्रास झाला असेल, श्वास कोंडला, अंगावर गांधी उठल्या, तर ते मात्र ओरडून सांगा. दमा असेल तर तेही.

बाई गरोदर आहे. लहान मूल आहे. रेडिएशनचं काय?

आई वाचली तर बाळ वाचतं, त्यामुळे गंभीर अपघातात गरोदर बाईचाही सीटी करतात. पोटाच्या एका सीटीत बाळाला मिळणारा डोस बहुतेक वेळा ५० मिलिग्रेच्या खाली असतो. मुलांमध्ये वजनाप्रमाणे डोस कमी करतात, आणि शक्य तिथं एकच फेज घेतात. मोठ्या माणसाच्या छाती-पोटाच्या स्कॅनला साधारण १० ते २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारं रेडिएशन मोजायचं माप), आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. शून्य नाही, म्हणून उगाच करायचा नाही. पण कारण असताना टाळायचाही नाही.

सोनोग्राफीवाला डॉप्लर स्वस्त आहे, तो का नाही?

कुठं कुठं पुरतो. पण स्लॅब, सूज, उघडी जखम, आतली हवा, आणि पेशंट कळवळतोय, यात डॉप्लर नीट होत नाही, छाती-ओटीपोटात खोल दिसत नाही, आणि रात्री दोनला तो करणारा अनुभवी माणूस असेलच असं नाही. हातापायाच्या इजेत सीटी अँजिओची अचूकता ९५ टक्क्यांच्या वर आहे.

म्हणजे सीटी चुकत नाही?

चुकतं. पेशंट हलला, जुनी स्टीलची प्लेट आहे, छर्रे आहेत, तर तिथं पांढऱ्या-काळ्या रेघांची चांदणी उठते आणि खालचं झाकलं जातं. थंडीने किंवा रक्त गेल्याने धमनी आकसली तर ती इजेसारखी दिसते. वयस्कर शुगरवाल्या पेशंटमध्ये धमनी आधीपासूनच बंद असते, ती आजची की दहा वर्षांपूर्वीची हे ठरवावं लागतं. शंका राहिली तर रिपोर्टमध्ये तसं लिहायचं आणि सर्जनना फोन करायचा. माझ्या मते अपघाताच्या अँजिओचा रिपोर्ट आधी फोनवर जायला पाहिजे, टाईप नंतर होऊ दे.

पुढच्या हॉस्पिटलला पाठवलंय, सोबत काय न्यायचं?

नुसत्या फिल्म नकोत, पूर्ण स्कॅनची सीडी किंवा पेनड्राईव्ह मागून घ्या, नाहीतर तिथं परत स्कॅन होतो आणि तासभर जातो. अपघाताची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. शेवटची नाडी कधी तपासली, कशी होती, तेही. जिथं पाठवतायत तिथं रक्तवाहिन्या जोडणारा सर्जन आज ड्युटीवर आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारायला लावा, कारण तीन दवाखाने फिरून चौथ्याला पोचलेले पाय मी खूप बघितलेत. १०८ ची गाडी फुकट आहे.

खर्च?

सरकारी आणि खासगीमध्ये खूप फरक असतो. रस्ता अपघात असेल तर केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार, तिची चौकशी करा, आणि महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. आणि उचलून आणणाऱ्याला पोलिसांची भीती नको, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे.

घरी सोडल्यावर काय बघायचं?

प्लास्टर किंवा स्लॅब असेल तर बोटं उघडी ठेवा. दर दोन तासांनी दोन्ही पायांच्या बोटांना एकाच वेळी हात लावा. एक गार आणि एक कोमट, रंग वेगळा, बोटं हलवता येत नाहीत, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, तर सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्रीच या. आम्ही जागेच असतो.